फुली आहे तिथे सही

प्रिय मास्तर,

तुझी फ्रेम तयार झाली. चावीवाला घेऊन येतो आहे आणि त्याच्याच खिशात हे पत्र आहे. काच आहे, जपून उतरवून घे. फ्रेम उभी धर, आडवी धरू नकोस, हे मी त्याला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तो म्हणाला, ‘असं करा, मी फ्रेम घेतो आणि तुम्ही मला खांद्यावर घ्या.’ त्याचं काय जातं चेष्टा करायला. रस्त्यात कुणी ओळखीचं भेटलं की हातातलं भिंतीला टेकवून गप्पा मारत उभा राहणारा माणूस तो. तुझ्या दारात पोचेपर्यंत माझ्या जिवाला घोर आहे. पोचला की त्याला बसायला खुर्ची दे. तो लगेच परत यायचा नाही. का, ते शेवटी लिहितो.

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. आजपर्यंत माझी सगळी पत्रं तू लिहिलीस. बँकेची, वीज कंपनीची, जागामालकाची, एवढंच काय, माझी बायको गेली तेव्हा भेटायला आलेल्यांना आभाराची पत्रं गेली, तीही तुझ्याच अक्षरातली होती. त्यामुळे माझं अक्षर तू शाळेनंतर पाहिलेलंच नाहीस. वेलांट्या चुकल्या असतील. लाल पेनाने खुणा करून परत पाठवू नकोस, तेवढी कृपा कर. दुकानात मागच्या टेबलावर, पुठ्ठा कापायच्या जागेवर बसलो आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं म्हणून शटर अर्धं ओढलं आहे. लिहिता लिहिता मधेच उठून मी कुलूप बघून आलो. परत येऊन बसल्यावर लक्षात आलं की शटर अर्धं उघडं आहे तर कुलूप असणार कुठून. तुझ्यापुढे मन मोकळं करायचं म्हटलं की हल्ली हे असं होतं.

आठवतं का, वर्गात मास्तर बाहेर गेले की तू त्यांच्या खुर्चीवर जाऊन बसायचास आणि आम्हाला पाढे म्हणायला लावायचास. तेव्हापासून तू मास्तर. मी चौथीनंतर शाळा सोडली आणि फ्रेमवाल्याकडे काच पुसायला लागलो. तू शिकलास. पुढे मी हे दुकान घेतलं आणि तू समोरच्या जिन्याखाली लोकांचे हिशेब लिहायला टेबल टाकून बसलास, तेव्हा मला वाटलं, चला, बाकावरचा सोबती पुन्हा जवळ आला. तू म्हणालास, ‘हिशेब माझ्यावर सोड, तू आपले खिळे ठोक.’ मी सोडले. नाव पण तूच ठेवलंस मला, चौकट. याचं डोकं चौकटीच्या बाहेर जात नाही, असं तू चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगायचास आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. मला त्यात हसू येत नव्हतं, हे आज सांगतो.

तुझी ती फुली. वर्ष संपलं की मी बिलांची पिशवी तुझ्या टेबलावर रिकामी करायची, आणि मग एखाद्या शनिवारी चहाला येताना तू कागदांचा गठ्ठा आणायचास. प्रत्येक कागदावर खाली पेन्सिलीने केलेली बारीकशी फुली. ‘फुली आहे तिथे सही कर.’ मी चष्मा शोधायला लागलो की म्हणायचास, ‘वाचत काय बसतोस? कामाचेच कागद आहेत.’ मी सही करायचो, तू खिशातून खोडरबर काढून फुली खोडायचास आणि त्याचा चुरा फुंकून माझ्या टेबलावर उडवायचास. फुली दिसली तर वरच्या साहेबांना बरं वाटत नाही, म्हणायचास. एकदा तुझी वहिनी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, ‘भाऊजी, यांना नाही तर मला तरी वाचून दाखवा.’ तू म्हणालास, ‘वहिनी, तुम्ही चहात साखर किती घातलीत हे मी विचारतो का?’ सगळे हसले, तीसुद्धा हसली. पुढच्या शनिवारी तिने तुझ्या चहात साखरच घातली नाही आणि तू तो मुकाट्याने प्यायलास. ती माझ्यापेक्षा हुशार होती. तिचा राग कपभराचा असायचा आणि तिथल्या तिथे फिटायचा. मला ते जमलं नाही.

ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. दुकानावर माझ्या जोडीने मुलीचं नाव लावा. ते काम तू केलंस, मी नाकारत नाही. तो कागद तू तिच्या उशाशी बसून मोठ्याने वाचून दाखवलास, कारण तिने डोळे मिटून सांगितलं होतं, ‘वाचा भाऊजी, मी ऐकते आहे.’ माझ्या सगळ्या आयुष्यात तू वाचून दाखवलेला तो एवढा एकच कागद. आणि पोरगी होतीच त्या लायकीची. कॉलेजातून आली की इथेच, याच टेबलावर बसायची. फोटोभोवतीचा पुठ्ठा तिरका कापायला मला आजही पट्टी लागते, ती पट्टी न लावता कापायची आणि चारही कोपरे असे बसायचे की नख जायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, ‘आपलं दुकान आहे.’

मग तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली, लग्न झालं, संसार तिकडे मांडला. रविवारी फोन यायचा. औषध घेतलं का, गुडघा कसा आहे, जेवलात का. पण कधीतरी मधेच, केव्हा ते मला सांगता येणार नाही, ‘आपलं दुकान’ गेलं आणि ‘तुमचं दुकान’ आलं. तुमच्या दुकानात गर्दी आहे का, तुमचं दुकान कसं चाललंय. मला ते खुपायचं. मी ते तुला बोलून दाखवलं होतं, मास्तर. शनिवार होता, तू बिस्किट चहात बुडवत होतास. तू म्हणालास, ‘लग्न झालं की पोरी अशाच होतात. मनाला लावून घेऊ नकोस.’ तेवढ्यात बिस्किट तुटून कपात पडलं आणि तू ते चमच्याने शोधत बसलास. तुला तेव्हा काही आठवलं का रे? आठवून गप्प बसला असशील तर मला राग येतो. आणि आठवलंच नसेल तर त्याहून जास्त येतो.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती आली होती, तुला ठाऊक आहे, तू भेटायला केळी घेऊन आला होतास. तू गेल्यानंतर संध्याकाळची गोष्ट. मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलो होतो, डोळ्यावर ती हिरवी पट्टी, आणि ती ओट्याशी पाव कापत होती. मी आपला बोलत होतो, डोळा बरा झाला की आपल्या दुकानाची पाटी नवी रंगवून घेऊ, अक्षरं जरा मोठी काढू. ती पाठमोरीच म्हणाली, ‘आपल्या कशाला म्हणता, बाबा? माझं नाव तुम्हीच काढलंत ना.’ मला वाटलं, ती पाटीबद्दल बोलते आहे. मी म्हटलं, पाटीवर तुझं नाव होतंच कधी? तेव्हा तिने सुरी खाली ठेवली. म्हणाली, ‘मला नोटीस आली होती. दुकानातून नाव कमी होणार आहे, हरकत असेल तर कळवा. खाली तुमची सही. मी रविवारपर्यंत थांबले, म्हटलं बाबा फोनवर सांगतील. तुम्ही तुमच्या गुडघ्याबद्दल बोललात. मग मी म्हटलं, बाबांनाच नको असेल तर मी कशाला भांडू?’ मास्तर, डोळ्यात पाणी येऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी नुसता टेबलाची कड धरून बसलो. मला काही माहीत नाही, एवढंच म्हणत राहिलो. तिने डोळ्यात औषधाचे थेंब घातले, पाव समोर ठेवला आणि ठरल्या दिवशी आपल्या घरी निघून गेली. जाताना पाया पडली, नेहमीसारखी. तेच मला जास्त लागलं.

त्यानंतरच्या शनिवारी मी तुझ्याकडे आलो होतो. सरळ विचारायची हिंमत झाली नाही. मी म्हटलं, दुकानातून कुणाचं नाव कमी करायचं तर काय करावं लागतं रे? तू कागदावरून मानसुद्धा वर उचलली नाहीस. ‘काही नाही, एक सही लागते. तुझ्या पोरीचं नाही का केलं आपण? ती तिकडे, तू इकडे. नाव ठेवलं असतं तर दर वर्षी तिचे वेगळे कागद, तिच्या सह्या टपालाने मागवा, त्या वेळेवर आल्या नाहीत की धावपळ. कोण नाचणार? डोक्याला नुसता ताप.’ आणि लगेच म्हणालास, ‘ती साखर सरकव इकडे.’ मी सरकवली.

आपण म्हणालास तू. केलं आपण. घरी येईपर्यंत तो शब्द माझ्या कानात वाजत होता. मी तेव्हापासून रोज विचार करतो, की तू माझं काही चोरलं असतंस तर बरं झालं असतं. चोराला निदान ती वस्तू हवी असते. तुला काहीच नको होतं. तुला फक्त वर्षाकाठी एक पाकीट कमी लिहायचं होतं. तेवढ्यासाठी माझी लेक परकी झाली, आणि तू साखर मागितलीस.

त्याच वेळी उठून तुझ्या टेबलावरची शाईची बाटली तुझ्या पांढऱ्या शर्टावर ओतावी असं मला वाटलं होतं. मी ओतली नाही. एक तर मी भित्रा आहे, तुला माहीत आहे, कुत्रं भुंकलं तरी रस्ता बदलतो. आणि दुसरं म्हणजे माझ्या दुकानाचा सगळा जीव तुझ्या त्या हिरव्या कपाटात कोंडलेला होता. पण भित्र्या माणसाच्या रागाची एक गोष्ट तुला माहीत नाही. शूर माणूस भांडतो आणि मोकळा होतो. भित्र्याचा राग टिकतो. तो रोज पुसून, घासून, जागच्या जागी ठेवतो त्याला.

त्याच सुमारास एक बाई दुकानात आईचा फोटो घेऊन आल्या. धोब्याच्या दुकानावर माडी आहे, तिथे त्यांनी नवीन ऑफिस टाकलं आहे, पण ते मला मागाहून कळलं. मी फ्रेम दिली, बिल दिलं. त्यांनी ते बिल वरपासून खालपर्यंत वाचलं. फ्रेमचं बिल कोण वाचतं? वाचून म्हणाल्या, ‘काका, तुम्ही काचेचे पैसे लावायलाच विसरलात यात.’ मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. तुम्ही काय करता, असं विचारलं तर म्हणाल्या, लोकांचे हिशेब लिहिते, कराचे कागद भरते. मी म्हटलं, बसा. चहा मागवला. सगळं सांगितलं, शाळेच्या बाकापासून. त्या मधे एकदाही बोलल्या नाहीत, आणि मग जे बोलल्या ते मी पुठ्ठ्याच्या मागे लिहून कॅलेंडरखाली टांगून ठेवलं आहे. ‘काका, हिशेबनीस बदलायचा असेल तर आधी कागद, मग निरोप. आणि भांडायचंच असेल तर अगदी शेवटी. वर्ष अर्ध्यात तोडू नका, चालू वर्षाचं त्यांनाच पुरं करू द्या. पावती हातात आली की मग माझ्याकडे या. मागचे कागद, नोंदणीचे दाखले, बँकेचं, पासवर्ड, सगळं गोड बोलून आणा. त्यांना राग आला की गोष्टी सापडेनाशा होतात.’ असं बोलणारं माणूस मला माझ्या बायकोनंतर पहिल्यांदा भेटलं.

मग सुरू झालं माझं नाटक. आधीच मी काळजीने वाळलेला माणूस. प्रत्येक शनिवारी तुझ्यासमोर बसायचं, तुझे विनोद ऐकायचे आणि हसायचं. मला वाटायचं, माझ्या कपाळावर लिहिलेलं याला दिसणार. एकदा तू म्हणालासच, ‘काय रे चौकट, तोंड का एवढंसं?’ मी म्हटलं, पोट बिघडलंय. त्या दिवशी घरी गेलो आणि खरंच बिघडलं. मग हळूहळू एकेक वस्तू बाहेर काढली. तुझ्या कपाटात उंदराची लेंडी दिसली, माझे जुने कागद कुरतडतील, असं मी म्हटलं, तर तू म्हणालास, ‘ने बाबा, तेवढीच जागा मोकळी.’ नोंदणीचा दाखला जागामालकाने बघायला मागितला, असं सांगून नेला. पासवर्डसाठी तर मी आरशासमोर उभा राहून बोलायची तयारी केली होती. बँकेतली मुलगी विचारते आहे, असं फोनवर म्हटलं, तर तू हसत सांगितलास. तुझ्या मुलाचं नाव आणि त्याचं जन्मसाल. माझ्या दुकानाचं कुलूप इतकी वर्षं तुझ्या पोराच्या नावाने उघडत होतं, मास्तर, आणि माझ्या पोरीचं नाव डोक्याला ताप होतं.

तुझ्या टेबलामागे टांगलेलं तुझं परीक्षेचं सर्टिफिकेट मला त्याच फेऱ्यांमध्ये दिसलं. भिंतीची ओल लागून मागचा पुठ्ठा फुगला होता. मी म्हटलं, दे, नवी फ्रेम करून देतो, मित्राला पैसे कसले. तू इतका खूश झालास की स्वतः स्टुलावर चढून काढून दिलंस. मला आणखी दोनदा यायला निमित्त हवं होतं, एवढंच त्या वेळी माझ्या मनात होतं.

या वर्षाचं तू भरलंस, नेहमीसारखं चोख. तुझ्या कामात खोट मी काढत नाही. पावती दिलीस, ती मी शर्टाच्या आतल्या खिशात घालून दिवसभर हात लावून बघत होतो. आणि दुसऱ्या दिवशी धोब्याच्या माडीवर गेलो. मला वाटलं होतं, आता काहीतरी उलटंपालटं होणार. बँकेतून कुणीतरी ओरडणार, सरकारी पत्र येणार, दुकानाला टाळं लागणार. काही झालं नाही. बँकेतल्या मुलीने कागद घेतला, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं. कराच्या ऑफिसातून पोच आली. बिलं लागली, नोंदी झाल्या. टपरीवर तू सांगायचास ना, माझ्याशिवाय याचं पान हलत नाही? पानं हलतात, मास्तर. बाई प्रत्येक पान मोठ्याने वाचून दाखवतात. सही घ्यायच्या आधी सगळं, अगदी तारखेपासून. ऐकता ऐकता मला डुलकी लागते, मग त्या पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतात. एक कागद व्हायला अख्खी दुपार जाते. तुझ्या हातून काम गेलं आणि साधा पंखासुद्धा बंद पडला नाही, हे तुला कळावं अशी माझी फार इच्छा होती. तू माझ्यावर चिडला असतास, भांडला असतास, तर तुला वाटलं असतं आपली किंमत आहे. ती संधी मी तुला दिली नाही.

आणि आणखी एक. मागच्या शनिवारी तू म्हणालास, हल्ली काम कमी झालंय, लोक कॉम्प्युटरवर आपलं आपण करतात. नाही रे. ते कॉम्प्युटरने नाही झालं, ते मी केलं. चावीवाल्याला मी नेलं माडीवर. औषधवाल्याला मी नेलं. शिंपीणबाई तर मला म्हणाली, ‘अहो, माझ्याही कागदावर फुलीच असते, मला वाटलं तसाच कायदा आहे.’ प्रत्येकाला मी तेच सांगितलं, आधी कागद, मग निरोप, भांडण शेवटी. सगळे तुझ्याशी गोड बोलत आहेत, होय ना? औषधवाल्याने तुला खोकल्याची बाटली फुकट दिली म्हणत होतास. ती तुझी निरोपाची बाटली होती.

इतकं सगळं सुरळीत झालं आणि जे एक व्हायला हवं होतं, तेवढंच अडलं. मुलीचं नाव पुन्हा लावायचा कागद बाईंनी तयार केला आहे, त्यावर तिची सही लागते. मी फोन केला. ती रविवार नव्हता म्हणून घाबरली आधी. मी सांगितलं, हे मास्तरने केलं, मला न वाचता सही करायला लावली. ती म्हणाली, ‘बाबा, मास्तरकाकांवर कशाला ढकलता? त्यांनी मला पाढे शिकवले, ते असं कशाला करतील? सही तुमचीच आहे ना?’ माझीच आहे. फुली तू खोडून टाकलेली होतीस, राहिली ती माझी सही. ती म्हणाली, आता माझी दया येऊन नाव लावत असाल तर नको. मी माझ्या घरी सुखी आहे. फोन ठेवल्यावर मी पाचर मारायची हातोडी घेऊन बसलो होतो, कशावर मारावी ते सुचेना. तुझं सर्टिफिकेट समोरच होतं, काच लावलेलं, पुसलेलं. मी ते फोडलं नाही. मी कारागीर आहे.

पण फ्रेम भिंतीवर लावलीस की तुला एक गोष्ट दिसेल, ती मीच सांगतो. मागच्या पुठ्ठ्याखाली, डाव्या अंगाला, मी लोखंडी पट्टीचा तुकडा बसवला आहे. फ्रेम डावीकडे झुकेल. तुला वाकडं काही बघवत नाही. माझ्या दुकानात शिरलास की भिंतीवरचे नमुने बोटाने सरळ करत करतच आत यायचास. आता रोज सकाळी तुझ्या नावाला बोट लावत बस. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा झुकेल. तुकडा काढायचा म्हणशील, तर मागचा कागद फाडावा लागेल, आणि तो इतका नीट चिकटवला आहे की तुझं मन होणार नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. पाकिटात दोन कागद आहेत. पहिला बाईंच्या ऑफिसचा, नाहरकतीचा. माझं काम त्यांच्याकडे गेलं याला तुझी हरकत नाही, एवढंच त्यात आहे. त्या टपालाने पाठवणार होत्या, मी म्हटलं, नको, मी देतो. दुसरा मी माझ्या हाताने लिहिला आहे. मी तुझ्यासारखा नाही, म्हणून सही मागण्याआधी त्यात काय आहे ते सांगतो. त्यात तुझ्या तोंडून असं लिहिलं आहे की, दुकानातून मुलीचं नाव कमी करायचा कागद मी माझ्या सोयीसाठी तयार केला, तिच्या बापाला तो वाचून दाखवला नाही, आणि सही करताना त्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. बस, एवढंच. तुझं अक्षर ती लहानपणापासून ओळखते, सही खरी की खोटी हे तिला सांगावं लागणार नाही. चावीवाला खुर्चीवर बसून राहील. त्याच्याशी वाद घालू नकोस, त्याला एका कानाने ऐकू येत नाही आणि तोच कान तो तुझ्याकडे करेल, तसं आमचं ठरलं आहे. सही झाली की तो कागद आजच टपालात पडेल. शनिवारी यायचं की नाही ते तू बघ. चहा मिळेल, साखरेचं मी काही सांगत नाही. दोन्ही कागदांवर कुठे सही करायची ते शोधत बसावं लागणार नाही, मी खाली फुली केली आहे. सवयीने तुझा हात खोडरबराकडे जाईल. राहू दे. मी ती पेनाने केली आहे. सही कशी घेतली जायची, ते माझ्या मुलीला दिसू दे.

तुझाच,
चौकट